खाडी ओलांडणारा मुलगा कोणत्या तिथीला निघाला? (कादंबरीचा खर्डा, मते हवी आहेत)

सुरसागरकाठ

नमस्कार. गेली तीन वर्षे मी एका कादंबरीच्या मागे लागले आहे आणि आता पहिला खर्डा पुरा झाला आहे. खाडी आणि समुद्र यांच्या बेचक्यात वसलेले एक छोटे, काल्पनिक गाव आहे. त्या गावातला रघू हा पंधरा वर्षांचा, दहावीत शिकणारा मुलगा तिचा नायक आहे. वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहेत, आई मासळीची पाटी घेऊन आतल्या गावांत फिरते, आणि घरात एक धाकटी बहीण आहे. एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतचे वर्ष मी घेतले आहे. त्या वर्षात रघूला शाळा, होडी आणि गाव सोडून जाण्याची ओढ या तिन्हींकडून ताण बसतो, आणि वर्ष संपताना तो मुलगा राहिलेला नसतो.

आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी कोकणातून बडोद्यास आले. माझा जन्म दांडिया बाजारातला. समुद्राशी माझा संबंध मावशीच्या गावी काढलेल्या मे महिन्याच्या सुट्यांपुरताच आहे. इथल्या आमच्या वाचनमंडळात मी पाचवे प्रकरण वाचून दाखवले. त्यात कोजागरीच्या रात्री नऊच्या सुमारास रघू चांदण्यात खाडीचे कोरडे पात्र पायी ओलांडून पलीकडच्या गावी मित्राकडे जातो, मध्यरात्री तसाच परततो आणि वडिलांचा मार खातो. सगळ्यांनी वर्णनाचे कौतुक केले. एक वयस्क गृहस्थ मात्र एवढेच म्हणाले, "बाई, तुमचा समुद्र नाटकाच्या पडद्यासारखा मागे टांगलेला आहे." तेव्हापासून मला झोप नाही. हा मुलगा खरोखर किनाऱ्यावरचा आहे, की दांडिया बाजारातल्या मुलाला मी समुद्राकाठी नेऊन उभे केले आहे? कृपया मोकळेपणाने लिहावे.

पाऊणपट

आपल्या पडद्याला भोक कुठे पडले आहे ते मी सांगू शकेन, कारण माझी नोकरी बंदरांच्या मोजणीत गेली. आता निवृत्त होऊन मकरपुऱ्यास राहतो.

किनाऱ्यावरची जुनी माणसे भरतीची वेळ काढण्यासाठी तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. दिवसा जी वेळ तीच साधारणपणे रात्री, आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्यामुळे वेळ रोज पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते, आणि पाऊणपटीचा हिशोब त्या सरकण्यावरच बसवलेला आहे. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत हा अंदाज कामाला येतो.

आता आपली कोजागरी घ्या. पूर्ण भरती रात्री सव्वाअकराला, म्हणजे पूर्ण ओहोटी सायंकाळी सव्वापाचला. आपला रघू नऊ वाजता निघतो, तेव्हा पाणी चढू लागून पावणेचार तास झालेले आहेत. भरतीचे पाणी सारख्या वेगाने चढत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते सर्वांत जोरात चढते. शिवाय पौर्णिमा म्हणजे उधाण. ज्या पात्रातून आपण त्याला चांदण्यात चालवले आहे, तिथे त्या वेळी पुरुषभर पाणी असून ते आत घुसत आहे. आणि मध्यरात्री परत येणे तर अशक्यच, कारण तेव्हा खाडी नुकतीच काठोकाठ भरून गेलेली असते. आपण मुलाला दोनदा बुडवले आहे, आणि त्याचे वडील मात्र उशिरा आल्याबद्दल त्याला मारत आहेत.

सुरसागरकाठ

वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. खरे सांगायचे तर कोजागरी मी केवळ चांदण्यासाठी निवडली होती, आणि ते चांदणे आमच्या गच्चीवरून सुरसागर तलावावर पडलेले मी पाहिले होते. तलावाला भरती येत नाही. प्रसंगच काढून टाकावा काय? की अष्टमी घ्यावी, म्हणजे आपल्या हिशोबाने मध्यरात्री ओहोटी येईल?

पाऊणपट

अष्टमीला ओहोटी मध्यरात्री येईल हे बरोबर आहे, पण ती भांगाची असेल. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ काटकोनात असते, त्यामुळे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. आपले पात्र उघडेच पडणार नाही.

आपल्याला रात्री नऊची ओहोटी हवी आहे ना? मग भरती तीनला हवी, आणि तीन म्हणजे चतुर्थी. कोजागरीनंतर चार दिवसांनी येणारी वद्य चतुर्थी घ्या. उधाण ओसरत आलेले असते, तरी पाणी अजून बऱ्यापैकी उतरते. त्या रात्री चंद्र साडेआठ-नऊच्या सुमारास उगवतो, म्हणजे मुलगा अंधारात पात्रात उतरेल आणि मधोमध असताना चंद्र वर येईल. आणि त्या दिवशी काय असते ते मी सांगायला नको.

सुरसागरकाठ

संकष्टी. त्याची आई उपाशी असेल आणि चंद्र उगवण्याची वाट पाहत दारात उभी असेल.

मला हे तीन वर्षांत सुचले नव्हते.

विश्वामित्री

थोडा विरोध नोंदवतो. आपण सर्वजण कादंबरीचे पंचांग करू लागलो आहोत. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात काय चालले आहे, याला भरतीच्या वेळेशी काय देणेघेणे? वयात येण्याची गोष्ट ही शरीराची, लाजेची, वडिलांविषयीच्या रागाची गोष्ट असते, आणि ती दांडिया बाजारात घडो की बंदरावर, आतून सारखीच असते. वाचक पाऊणपट करून प्रकरणे तपासत बसणार नाही. लेखिकेने मनात आणले तर खाडी कोरडी पडेल. कल्पित वाङ्मयाला तेवढे स्वातंत्र्य हवे.

पाऊणपट

वाचक हिशोब करणार नाही, मान्य. रघूनेही एकदाही तिथी मोजू नये, अशीच माझी सूचना आहे. ज्याने लहानपणापासून खाडी पाहिली आहे तो पाण्याकडे बघूनच समजतो, आणि त्याच्या तोंडी पाऊणपट घातली तर तो लगेच शाळामास्तर वाटू लागेल. हिशोब लेखिकेने करायचा आहे. मित्राकडून केव्हा उठायचे हे रघूच्या हाती नाही, ते पाण्याच्या हाती आहे. त्याला वडिलांचा राग आला तरी तो सहा तास थांबवून ठेवावा लागतो. गच्चीवरून जिना उतरून निघून जाणारा मुलगा आणि हा मुलगा आतून सारखे कसे असतील?

नाखव्याची सून

मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोळी घरातली. लग्नानंतर बाविसेक वर्षे बडोद्यात आहे, यजमान रिफायनरीत आहेत. सुरसागरताईंनी मला खर्ड्याची पहिली चार प्रकरणे पाठवली होती, ती वाचून लिहिते आहे.

ताई, दुसऱ्या प्रकरणात तुमच्या गावात सकाळी रापण ओढली जाते आणि संध्याकाळी त्याच गावात डोल उचलली जाते. असे गाव मी पाहिलेले नाही. डोल म्हणजे नरसाळ्यासारखे लांब जाळे. त्याचे तोंड प्रवाहाकडे करून ते समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात आणि प्रवाहच मासळी आत आणून टाकतो. पाणी फिरण्याआधी, ते स्तब्ध झाले की जाळे उचलायचे. त्यासाठी पाण्याला ओढ लागते, म्हणून डोलीचा जोर मुंबईच्या उत्तरेकडे आणि आमच्या रायगडात आहे, आणि तिकडे तुमच्या गुजरातेत जाफराबादला आहे. (जाफराबाद पूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या ताब्यात होते, त्यामुळे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ते नाव परके वाटत नाही.) डोलीत बोंबील, जवळा, करंदी मिळते. रापण मात्र उतरत्या पुळणीवर माणसांनी ओढायची असते, आणि ते राज्य मालवणकडचे. तुम्ही आधी ठरवा की रघू कुठला आहे. तो आमच्याकडचा असेल तर म्हावरं म्हणेल आणि कोळी असेल; तिकडचा असेल तर गाबीत असेल आणि त्याची बोली निराळी असेल.

आता विश्वामित्री दादांच्या मुद्द्याकडे येते. डोलीच्या गावात भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असतो, त्यामुळे जाळ्यात फारसे काही पडत नाही आणि पुरुष घरी असतात. उधाणाच्या दिवसांत झोपेला वेळ नसतो, आणि अष्टमीच्या मागेपुढे सगळा गाव मोकळा असतो. जाळी शिवणे, लग्ने ठरवणे, क्रिकेटचे सामने, दारू पिऊन होणारी भांडणे, हे सगळे भांगात. मुलामुलींच्या चिठ्ठ्याही भांगातच पोहोचायच्या, कारण उधाणात कोणाला चिठ्ठी लिहायला सवड होती? तेव्हा मनात काय चालते याचा पाण्याशी संबंध नाही असे म्हणू नका. आमच्याकडे मनालाही पंधरवड्यातून एकदाच सुटी मिळते.

आणि एक तक्रार. रघूच्या बहिणीला तुम्ही नावसुद्धा दिलेले नाही. ती चार प्रकरणांत तीनदा पाणी भरते आणि एकदा रडते.

विश्वामित्री

चिठ्ठ्यांचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. माझे वाक्य मी अर्धे मागे घेतो.

तळटीप

एक निराळा विचार मांडतो. लेखिका बडोद्याच्या आहेत, तर त्यांनी किनारा कोकणातच का शोधावा? बडोदे संस्थानाला स्वतःचा किनारा होता. द्वारका आणि ओखा ज्यात येतात तो ओखामंडळाचा भाग, कोडीनार, आणि दक्षिणेकडे नवसारी-बिलिमोरा हे सारे गायकवाडांच्या अमलाखाली होते. ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या काळात, १९२६ मध्ये सुरू झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण. अमरेली तालुक्यात १८९३ पासून त्याचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये ते संपूर्ण संस्थानात लागू झाले. १९१० पासून गावोगावी ग्रंथालये काढण्याची योजना सुरू झाली आणि फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या खेड्यांत जाऊ लागल्या. ज्या खारव्याच्या घरात कोणी अक्षर गिरवले नव्हते तिथल्या मुलाला सरकार शाळेत बसवते, आणि बारा-तेरा वर्षांचा झाला की समुद्र त्याला मागू लागतो. मराठीत ही कादंबरी कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. कोकणावरच्या आपल्या बहुतेक कादंबऱ्या घराच्या ओटीवर बसून समुद्राकडे पाहतात, आणि होडीतून ओटीकडे फारशा पाहत नाहीत.

सुरसागरकाठ

तळटीप काका, ती कादंबरी तुम्हीच लिहावी, मी पहिली प्रत विकत घेईन. परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या खारवी घरातले बोलणे मला ऐकू येत नाही, आणि मावशीच्या गावचे थोडे तरी येते. ओटी आणि होडी यांबद्दलचे तुमचे वाक्य मात्र मी वहीत उतरवून घेतले आहे. माझी पहिली तीन प्रकरणे ओटीवरूनच लिहिलेली आहेत.

नाखव्याची सून ताई, बहिणीबद्दल मी ओशाळले. तिचे नाव आता जना आहे. तिला काय काम द्यावे ते सांगाल का?

नाखव्याची सून

काम द्यावे लागणार नाही, तिला ते आहेच. रघू समुद्रावर जाईल की नाही हा तुमच्या कादंबरीतला मोठा प्रश्न आहे. जनाला तो प्रश्न कोणी विचारणारच नाही, कारण मुलगी होडीवर जात नाही; पण होडी किनाऱ्याला लागली की पुढचे सगळे बायकांच्या हातात असते.

तुमच्या गावात बोंबील वाळवू द्या. ताज्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, म्हणून तो टिकत नाही आणि वाळवावा लागतो. बांबूंना आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. त्याचे दात बारीक आणि आत वळलेले असतात, त्यामुळे जोडी सुटत नाही आणि आपली बोटे मात्र सोलून निघतात. मीठ लागून ती चिरांतून झोंबतात. मी नववीत असताना परीक्षेला पेन धरता येत नव्हते, हे मी घरी कोणाला सांगितले नाही, कारण आईची बोटे माझ्याहून वाईट होती. आभाळ भरून आले की तीन दिवसांची मेहनत एका रात्रीत कुजते, म्हणून मुलींना आभाळ वाचता येते. रघूने पाणी वाचावे, जनाने आभाळ.

शिवाय हिशोब. वडिलांच्या वाट्याला किती आले हे आईला कळते, आणि आईने पाटीवर किती मिळवले हे वडिलांना कळत नाही. दोन्ही कळणारी घरात एकटी मोठी होत जाणारी मुलगी असते.

आचऱ्याकडचा

मी सिंधुदुर्गातला, नोकरीनिमित्त अलकापुरीत राहतो. धागा आजच पाहिला. ताईंनी डोलीचे गाव निश्चित केलेले दिसते, तरी रापणीची बाजू मांडतो, कारण ती सोडून देणे मला जड जाते.

रापणीत होडी जाळे सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घेऊन परत किनाऱ्याला येते, आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्यांना तीस-चाळीस माणसे लागतात. ओढायला हात लावणाऱ्याला वाटा असतो. मी दहा वर्षांचा असताना दोरीला लटकलो होतो, आणि ओढण्याऐवजी बहुधा ओझेच झालो असेन, तरीही बांगड्यांचा एक लहान वाटा माझ्यासमोर वाळूवर मांडला गेला. पहिल्यांदा पूर्ण माणसाइतका वाटा मिळतो तो दिवस आमच्याकडे मुलगा मोठा झाल्याचा दिवस असतो. कोणी तसे म्हणत नाही, पण वाळूवरचा ढीग दिसतोच.

ते आता मोडत चालले आहे. पर्ससीन जाळी एका वेळी अख्खा थवा गोळा करतात आणि किनाऱ्याजवळ रापणीला मासळी येईनाशी होते. यावरून आमच्याकडे पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात वर्षानुवर्षे संघर्ष आहे. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला, आणि २०१७ मध्ये केंद्राने प्रखर दिवे लावून करायच्या मासेमारीला बंदी केली; तरी भांडण संपलेले नाही. मी अशी घरे पाहिली आहेत की ज्यांत आजोबा रापणकर संघात, आणि मुलगा पगारासाठी पर्ससीनच्या बोटीवर, नेपाळी खलाशांच्या बरोबरीने. दोघे एका पंगतीला बसतात आणि बोलत नाहीत. पंधरा वर्षांच्या नातवाने त्या दोघांच्या मध्ये पाट मांडून बसायचे. ताईंची कादंबरी मालवणकडे आली असती तर मी त्यांना ही पंगत दिली असती.

सुरसागरकाठ

ती पंगत मी घेणार नाही, कारण ती तुमची आहे आणि तुम्हीच लिहावी. पण एक विचारते. बंदीच्या काळाबद्दल माझ्या पहिल्या प्रकरणात एक ओळ आहे : "नारळी पौर्णिमेला बंदी उठली आणि होड्या समुद्रात गेल्या." ती बरोबर आहे ना?

आचऱ्याकडचा

नाही, आणि यात तुमचा फायदा आहे. पावसाळी बंदी महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. ती इंग्रजी तारखेने सुटते, आणि समुद्राला नारळ तिथीने वाहिला जातो. दोन्ही दर वर्षी वेगवेगळ्या अंतरावर पडतात. तुम्ही कोणते वर्ष धरले आहे?

सुरसागरकाठ

वर्ष धरलेले नाही. "अलीकडचे" असे धरले आहे.

पाऊणपट

धरा. मी सुचवतो, २०२३ घ्या. त्या वर्षी श्रावण अधिक होता. बंदी संपून १ ऑगस्ट उजाडला त्या दिवशी पौर्णिमा होती, पण अधिक श्रावणातली. नारळी पौर्णिमा निज श्रावणात, ३० ऑगस्टला आली. कायद्याने समुद्र महिनाभर आधीच खुला झालेला, आणि रीतीप्रमाणे अजून नारळ पडलेला नाही.

त्याच वर्षी कोजागरीला, २८ ऑक्टोबरच्या रात्री, खंडग्रास चंद्रग्रहण होते. घराघरांत मसाला दुधाचे काय करायचे यावर वाद झाले होते. आमच्याकडे सूनबाईंनी ते संध्याकाळीच आटवून टाकले. म्हणजे आपल्या पहिल्या खर्ड्यातले ते निष्कलंक चांदणेसुद्धा मध्यरात्रीनंतर तासाभरात डागाळले असते. आणि त्यानंतरची संकष्टी १ नोव्हेंबरला, बुधवारी होती. दुसऱ्या दिवशी शाळा आहे, हेही लक्षात असू द्या.

आचऱ्याकडचा

ऑगस्टचा तो महिना सोडू नका. ज्यांच्यावर कर्ज आहे आणि ज्यांची यंत्राची बोट आहे ते १ तारखेला जातात, कारण डिझेल भरून खलाशी आणून ठेवलेले असतात. ज्यांची लहान होडी आहे ते थांबतात, अर्धे श्रद्धेने आणि अर्धे समुद्र अजून खवळलेला असतो म्हणून. रघूचे वडील दुसऱ्याच्या होडीवर आहेत, म्हणजे जायचे की थांबायचे हे ते ठरवू शकत नाहीत. त्यांना नारळ वाहण्याआधी महिनाभर समुद्रात जाताना रघूने पाहिले पाहिजे. बाप घाबरलेला आहे हे त्याला तिथे प्रथम कळेल.

तळटीप

बडोद्यातल्या मंडळींसाठी एक व्यवहार्य सूचना. भरती-ओहोटीचे घड्याळ पाहण्यासाठी कोकणात जावे लागत नाही. जंबुसर तालुक्यात कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचे मंदिर आहे. खंभातच्या आखातात ते दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते, आणि दर्शनाच्या वेळा भरतीप्रमाणे बदलतात. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. शिवलिंगावर पाणी चढत असताना पुजाऱ्यांची आवराआवर पाहिली तर आपल्या पाचव्या प्रकरणाला उपयोग होईल.

पाऊणपट

अवश्य जावे, परंतु तिथे माझी पाऊणपट लावू नये. आखात निमुळते होत जाते, त्यामुळे भरती आत पोहोचायला काही तास अधिक घेते आणि पोहोचते तेव्हा तिची उंची फार वाढलेली असते. भावनगरकडे पाण्याचा चढउतार दहा मीटरपर्यंत जातो, आणि रत्नागिरीला तो उधाणातही साधारण दोन-अडीच मीटर असतो. तिथले पाणी पाहून रघूची खाडी लिहिली तर मुलगा तिसऱ्यांदा बुडेल.

सुरसागरकाठ

गेल्या रविवारी आम्ही तिघी कावीला जाऊन आलो. पाणी येताना आवाज येतो, हे मला ठाऊक नव्हते. मावशीच्या गावी मी कधी रात्री खाडीवर थांबलेच नव्हते.

पाचव्या प्रकरणाचा नवा आरंभ खाली देते आहे. कठोरपणे वाचावा.

"आई दाराच्या चौकटीला टेकून पूर्वेकडे बघत होती. डोंगरामागे उजळल्यासारखे वाटत होते, पण चंद्र अजून वर आला नव्हता. 'जना, बघ गं वर आला का,' असे ती दर थोड्या वेळाने म्हणत होती, आणि जना न बघताच नाही म्हणत होती, कारण तिला रघू मागच्या दाराने गेल्याचे माहीत होते आणि चंद्र उगवला की तो पात्राच्या मधोमध सगळ्या गावाला दिसणार होता. रघूने पायांत काही घातले नव्हते. रेतीचा पट्टा संपला आणि चिखल लागला तेव्हा त्याने अर्धी चड्डी आणखी वर खोचली. तिवरांमध्ये कुठेतरी पाणी टपटपत गळत होते. ते अजून बाहेरच जात होते. ते थांबले की त्याला परत फिरायचे होते, आणि ते कधी थांबले हे गप्पांच्या नादात कळणार नाही, हेही त्याला माहीत होते."

पुढे तो अकराच्या सुमारास परत निघतो. पाणी कमरेपर्यंत आलेले असते. तो घरी पोहोचतो तेव्हा आई जेवलेली असते आणि झोपलेली असते, आणि वडील जागे असतात.

विश्वामित्री

जनाचे ते न बघता नाही म्हणणे फार आवडले. उरलेले अर्धे वाक्यही मी मागे घेतो.

एकच सुचवतो. "हेही त्याला माहीत होते" हे काढून टाकावे. त्याला माहीत आहे हे आपल्याला आधीच्या शब्दांतून कळलेले असते.

पाऊणपट

वेळा बरोबर आहेत. अकराला पाणी चढू लागून सुमारे दोन तास झालेले असतील, म्हणजे कंबर ठीक आहे, आणि ओढ आतल्या बाजूला असल्यामुळे तो गावाच्या वरच्या अंगाला थोडा वाहत जाऊन लागेल. घरासमोर लागणार नाही. त्याला काठाने चालत परत यावे लागेल, आणि वाटेत कोणाची तरी घरे येतील.

नाखव्याची सून

ताई, उतारा चांगला झाला आहे. पण आई झोपलेली नसेल.

चंद्र उगवला तेव्हा तिने ओवाळले असेल, नैवेद्य दाखवला असेल, सगळ्यांना वाढले असेल. मुलगा घरात नाही हे तिला ताट मांडतानाच कळले असणार. स्वतःचे ताट तिने झाकून ठेवले असेल. वडील जागे राहतील हे खरे, पण ते रागाने जागे असतील आणि त्यांना फक्त उशीर दिसेल. रघू आला की आई त्याला काहीही विचारणार नाही. ती कंदिलाच्या नाहीतर विजेच्या उजेडात त्याच्या कपड्यांकडे बघेल. चड्डी कुठवर भिजली आहे, सदऱ्याला पाणी लागले आहे का, हे बघून तो किती वाजता पाण्यात शिरला आणि अजून किती वेळ थांबला असता तर काय झाले असते, हे तिला कळेल. मग ती त्याला कोरडे कपडे देईल आणि भिजलेले स्वतः उचलून घेईल, वडिलांनी बघण्याआधी.

तिने जेवावे की न जेवावे हे तुम्ही ठरवा. माझी आई जेवली नव्हती.